सबवूफर आणि अ‍ॅम्पची ओहम जुळवणी: पहिल्यांदा स्वतः जोडणाऱ्यांसाठी

गाडीत पहिल्यांदा दोन सबवूफर बसवले तेव्हा माझा अ‍ॅम्प वीस मिनिटांत गेला. अ‍ॅम्पवर स्पष्ट लिहिलं होतं, किमान २ ओहम. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, रोधाचं माप. सबही दोन्ही २ ओहमचेच होते. अ‍ॅम्पला स्पीकरसाठी प्लस-मायनसच्या दोन जोड्या होत्या, म्हणून एका जोडीवर एक सब आणि दुसरीवर दुसरा, असं जोडलं. माझ्या हिशेबाने प्रत्येक जोडीवर २ ओहम. दुरुस्ती करणाऱ्याने तो अ‍ॅम्प टेबलावर घेतला, मल्टिमीटरची एक पिन एका प्लसवर आणि दुसरी पिन दुसऱ्या प्लसवर टेकवली, आणि मीटर वाजला. दोन्ही प्लस आतून एकच होते. मोनो अ‍ॅम्पला बाहेर दोन जोड्या दिसल्या तरी आत चॅनेल एकच असतो. दुसरी जोडी फक्त वायर अडकवायची सोय म्हणून दिलेली असते. म्हणजे माझे दोन्ही सब पॅरललमध्ये (समांतर) होते आणि अ‍ॅम्प १ ओहमवर चालत होता.

ती पिन मला आधी कुणी टेकवून दाखवली असती तर तो अ‍ॅम्प वाचला असता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी आवडलेला सब घेतात, मग अ‍ॅम्प घेतात आणि शेवटी ओहम जुळतात का ते बघतात. तोवर हातात असलेल्या सामानातून हवा तो ओहम निघतच नाही. आधी कागदावर हिशेब, मग खरेदी, मग वायर.

१. हे जवळ ठेवा

- अ‍ॅम्प आणि सब, दोन्हींची माहितीपुस्तिका. हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून उत्पादकाच्या साइटवरून उतरवून घ्या.
- डिजिटल मल्टिमीटर. ओहम आणि एसी व्होल्ट मोजणारा साधा मीटर पुरतो, पण तो हवाच. तो नसेल तर काम सुरू करू नका.
- १२ गेजची तांब्याची स्पीकर वायर.
- वायर स्ट्रिपर, क्रिम्पिंगचा प्लायर, लग, स्पेड टर्मिनल, हीट श्रिंक नळी.
- १.५ व्होल्टचा एक सेल.
- पाने, सँडपेपर, चिकटपट्टी, मार्कर.

वायर घेताना ती शुद्ध तांब्याची आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, हे नक्की विचारा. मुलाम्याची वायर बाहेरून अगदी तशीच दिसते, पण तेवढ्याच जाडीत तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश वीज वाहते. तीच वापरायची असेल तर एक-दोन पायऱ्या जाड घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हेही नव्या माणसाने लक्षात ठेवावं.

२. अ‍ॅम्पचा खरा आकडा शोधा

अ‍ॅम्पच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट बाजूला ठेवा. तिथे ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ लिहिलेलं असतं आणि त्या आकड्यावर हिशेब होत नाही. पुस्तिकेत आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारे वॅट, शोधा. ते साधारण असे दिलेले असतात: ४ ओहमला ३५०, २ ओहमला ६००, १ ओहमला १०००. ही ओळ कागदावर उतरवून घ्या, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. ज्या ओहमचा आकडाच दिलेला नाही, त्या ओहमवर तो अ‍ॅम्प चालवायचा नाही. वरच्या उदाहरणात १ ओहमचा आकडा नसता, तर किमान मर्यादा २ ओहम समजायची.

पुस्तिकेत सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ असा उल्लेख असेल तर तो आकडा विश्वासाचा धरायला हरकत नाही. या मानकात मोजणी १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला आणि १ टक्क्याहून जास्त विकृती येऊ न देता करावी लागते.

उल्लेख नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. त्यांच्या अँपिअरची बेरीज करा, १३.८ व्होल्टने गुणा आणि क्लास डी अ‍ॅम्प असेल तर ०.८ ने गुणा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर ६० × १३.८ × ०.८, म्हणजे साधारण ६६०. हा अ‍ॅम्प ६०० वॅट देतो म्हणत असेल तर पटण्यासारखं आहे. पण अंगावर ३,००० वॅट लिहिलंय आणि फ्यूज ३० चा एकच, तर त्यातून सलग ३३० वॅटच्या आसपासच मिळणार. काही मोठ्या अ‍ॅम्पना अंगावर फ्यूजच नसतो, तिथे पुस्तिकेत सुचवलेला फ्यूज धरा.

३. सबची कॉइल ओळखा

सबच्या शंकूमागे तारेची गुंडाळी असते, ती व्हॉइस कॉइल. काही सबना एकच कॉइल असते, म्हणजे एक प्लस, एक मायनस. काहींना दोन असतात, म्हणजे दोन प्लस, दोन मायनस. दोन कॉइलवाल्याला ड्युअल म्हणतात. त्यावर ‘४ ओहम ड्युअल’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ प्रत्येक कॉइल ४ ओहमची. अनेकांची पहिली चूक इथे होते. ते पूर्ण सबच ४ ओहमचा समजतात, पण दोन्ही कॉइल वापरल्या तर असा एकटा सब कधीच ४ ओहमवर चालत नाही. तो २ वर चालतो किंवा ८ वर.

लेबल वाचून थांबू नका. वायर जोडण्यापूर्वी मीटरने प्रत्येक कॉइल मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२-०.३ असा काहीतरी आकडा दिसेल, तो पिनांच्या तारांचा रोध. पुढच्या प्रत्येक मोजणीतून तेवढा वजा करायचा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते आणि २ ओहमची १.६ ते १.९. कमी दिसतं म्हणून कॉइल खराब समजू नका. मीटर डीसी रोध मोजतो, आणि लेबलवरचा आकडा एसीतला नाममात्र रोध असतो. गाणं वाजताना तर तो स्वरागणिक बदलत राहतो आणि अनुनादाच्या आसपास कितीतरी पटींनी वर जातो. जोडणीचा हिशेब मात्र लेबलवरच्या आकड्यानेच करायचा.

ड्युअल सबमध्ये आणखी एक तपासणी करा. एक पिन पहिल्या कॉइलवर आणि दुसरी पिन दुसऱ्या कॉइलवर लावा. मीटरने काहीच दाखवू नये. आकडा आला तर दोन कॉइल आतून एकमेकींना टेकल्या आहेत. असा सब, विशेषतः जुना घेतलेला, परत करा.

४. सिरीज आणि पॅरलल

शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणी हीच.

सिरीजमध्ये वीज एका कॉइलमधून निघून दुसरीत जाते, म्हणून ओहमची बेरीज होते. ४ आणि ४ चे ८. जोडायची रीत: अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला आणि दुसरीचा मायनस परत अ‍ॅम्पला.

पॅरललमध्ये विजेला एकाच वेळी दोन वाटा मिळतात, म्हणून ओहम कमी होतो. सारख्या कॉइल असतील तर एकीच्या ओहमला संख्येने भागा. ४ ओहमच्या दोन असतील तर २, चार असतील तर १. जोडायची रीत: सगळे प्लस एकत्र करून अ‍ॅम्पच्या प्लसला, सगळे मायनस एकत्र करून मायनसला.

वेगवेगळ्या ओहमचे भार पॅरलल करायचे असतील तर गुणाकार भागिले बेरीज. २ आणि ८ असतील तर १६ भागिले १०, म्हणजे १.६. सूत्र दिलं असलं तरी अशी जोडणी करू नका. २ ओहमच्या भारात ८ ओहमच्या भाराच्या चौपट वॅट जातात. एक सब ताणला जातो आणि दुसरा नुसता हलत राहतो.

ओहम कमी झाला की अ‍ॅम्पमधून जास्त करंट ओढला जातो आणि वॅट वाढतात. म्हणून १ ओहमचं आकर्षण असतं. पण त्याचबरोबर अ‍ॅम्प जास्त तापतो, त्याची कार्यक्षमता घटते आणि बॅटरी-अल्टरनेटरवरचा भार वाढतो. तुमच्या सबना ६०० वॅट पुरेसे असतील आणि अ‍ॅम्प ते २ ओहमला देत असेल, तर १ ओहमला उतरायचं काही कारण नाही. आवाजाच्या दृष्टीनेही वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. तेवढा फरक कानाला जाणवतो, पण दुप्पट आवाज म्हणण्याइतका तो नसतो.

५. कुठल्या सबमधून कुठला ओहम निघतो

हा भाग मी छापून भिंतीवर लावला आहे. तुम्हीही उतरवून घ्या.

एक सब:
- २ ओहम ड्युअल: पॅरलल १, सिरीज ४
- ४ ओहम ड्युअल: पॅरलल २, सिरीज ८

दोन सब:
- २ ओहम, एक कॉइल: पॅरलल १, सिरीज ४
- ४ ओहम, एक कॉइल: पॅरलल २, सिरीज ८
- २ ओहम ड्युअल: सगळं पॅरलल ०.५, प्रत्येक सबच्या कॉइल सिरीज आणि मग दोन सब पॅरलल २, सगळं सिरीज ८
- ४ ओहम ड्युअल: सगळं पॅरलल १, प्रत्येकाच्या कॉइल सिरीज आणि सब पॅरलल ४, सगळं सिरीज १६

तीन सब:
- ४ ओहम, एक कॉइल: पॅरलल १.३३
- २ ओहम ड्युअल: कॉइल सिरीज, सब पॅरलल १.३३
- ४ ओहम ड्युअल: कॉइल सिरीज, सब पॅरलल २.६७

चार सब:
- २ ओहम ड्युअल: कॉइल सिरीज, सब पॅरलल १
- ४ ओहम ड्युअल: कॉइल सिरीज, सब पॅरलल २

यादी नीट वाचली तर एक गंमत दिसेल, आणि खरेदीच्या वेळी तीच सर्वात उपयोगी पडते. ४ ओहम ड्युअलचा एक सब २ ओहम देतो. त्याच जातीचे दोन घेतले की २ ओहम येतच नाही. सगळ्या कॉइल सारख्या चालवायच्या असतील तर १ येतो, ४ येतो किंवा १६. म्हणून ज्याने २ ओहमच्या अ‍ॅम्पवर ४ ओहम ड्युअलचा एक सब लावला आहे, त्याने पुढच्या वर्षी तसाच आणखी एक आणला तर अडचण होते. १ ओहम अ‍ॅम्पला झेपत नाही, आणि ४ ओहमला अ‍ॅम्प जवळपास निम्मेच वॅट देतो. पुढे दुसरा सब घ्यायचा विचार असेल तर पहिला घेतानाच तो हिशेब करा.

आता उदाहरण घेऊ. अ‍ॅम्प २ ओहमला ६०० वॅट देतो. प्रत्येकी ३०० वॅट आरएमएसचे दोन सब हवेत. यादीत दोन सबमधून २ ओहम देणारे दोन पर्याय आहेत: ४ ओहमचे एक कॉइलवाले, किंवा २ ओहमचे ड्युअल. दोन्हींत प्रत्येक सबला बरोबर ३०० वॅट जातात. मी इथे एक कॉइलवाला निवडेन, कारण वायर कमी, सांधे कमी आणि चुकायला जागाही कमी. ड्युअलचा फायदा इतकाच की उद्या अ‍ॅम्प बदलला तर जोडणी बदलून दुसरा ओहम काढता येतो.

ड्युअल सबची एक कॉइल मोकळी सोडून दुसरीवरच तो चालवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. सबची वॅट पेलण्याची ताकद त्यामुळे साधारण निम्मी होते, आणि ज्या मापांवरून बॉक्स बनवला ती मापंही बदलतात. तसंच वेगवेगळ्या मॉडेलचे किंवा वेगवेगळ्या आकाराचे सब एका अ‍ॅम्पवर एकत्र जोडू नका, ओहम जुळले तरी.

६. ब्रिज करताना निम्म्याचा नियम

दोन किंवा चार चॅनेलचा अ‍ॅम्प असेल तर दोन चॅनेल मिळून एक सब चालवता येतो. यालाच ब्रिज करणं म्हणतात. एका चॅनेलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस वापरायचा. नेमके कुठले, ते अ‍ॅम्पवर टर्मिनलच्या वर रेघ ओढून दाखवलेलं असतं.

इथे सापळा असा आहे की ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम जाणवतो. ४ ओहमचा सब ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेल २ ओहमवर काम करतो. म्हणून ‘२ ओहम स्टेबल’ लिहिलेला दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली न्यायचा नाही. पुस्तिकेत ब्रिजची किमान मर्यादा वेगळी दिलेली असते, तीच पाळा. अशा अ‍ॅम्पला ४ ओहमचा एक कॉइलवाला किंवा २ ओहम ड्युअल सिरीजमध्ये जोडलेला सब चपखल बसतो. ४ ओहम ड्युअल घेतलात तर २ फार कमी पडतो आणि ८ वर बरेच वॅट वाया जातात.

मोनो अ‍ॅम्पला ब्रिज करायचं नसतं. त्याच्या दोन जोड्यांचं सुरुवातीला सांगितलंच आहे. शंका असेल तर अ‍ॅम्पच्या सगळ्या वायर काढून दोन प्लसमध्ये मीटर लावा.

७. वायर जोडणं

आधी चित्र काढा. प्रत्येक कॉइल, तिचे प्लस-मायनस आणि मधली प्रत्येक वायर कागदावर रेघेने दाखवा. मग बोटाने अ‍ॅम्पच्या प्लसपासून सुरुवात करून प्रत्येक वाटेने मायनसपर्यंत जाऊन बघा. बोट कुठे अडलं किंवा एखादी कॉइल वाटेत लागलीच नाही, तर चित्र चुकलं आहे.

चित्र जुळलं की सब बॉक्समध्ये बसवण्याआधी टेबलावरच जोडणी करा. सिरीजचा छोटा तुकडा दुसऱ्या रंगाच्या वायरचा घ्या, म्हणजे नंतर उघडल्यावर ओळखता येतो. स्प्रिंगच्या टर्मिनलमध्ये वायरचा एकही धागा बाहेर राहू देऊ नका. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट झालाच. पॅरलल करताना तीन-चार वायर एका टर्मिनलमध्ये कोंबण्यापेक्षा त्यांना बाहेर एका लगमध्ये क्रिम्प करा.

वायरची जाडी कमी ओहमला जास्त महत्त्वाची ठरते. अ‍ॅम्पपासून सब ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर वायर होते. १६ गेजची ६ मीटर वायर ०.०८ ओहमची. १ ओहमच्या सबपुढे हे ८ टक्के झाले, आणि तेवढी शक्ती वायर तापवण्यात जाते. १२ गेजला हाच आकडा ३ टक्क्यांवर येतो.

बॉक्समधल्या वायर शंकूला किंवा बाजूंना लागून खडखडणार नाहीत अशा पट्टीने बांधा.

८. मीटर आणि सेल, दोन्ही परीक्षा

या लेखातलं दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, पण ही पायरी सोडू नका.

सगळी जोडणी झाल्यावर, अ‍ॅम्पला लावायच्या दोन टोकांवर मीटर लावा. अ‍ॅम्प जोडलेला नको. शंकूला हात लावू नका, तो हलला की आकडा नाचतो. पिनांचा रोध वजा करून असं दिसायला हवं:

- १ ओहमची जोडणी: ०.७ ते ०.९५
- २ ओहमची जोडणी: १.६ ते १.९
- ४ ओहमची जोडणी: ३.२ ते ३.८

जवळजवळ शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही तर एखादा सांधा सुटला आहे. २ ची जोडणी करायची होती आणि ०.४५ च्या आसपास आलं, तर सिरीज करायच्या जागी पॅरलल झालं आहे.

पण एक चूक मीटरला दिसत नाही, ती म्हणजे उलटा लागलेला प्लस-मायनस. कॉइल उलटी लागली तरी ओहम तोच येतो. त्यासाठी १.५ व्होल्टचा सेल. सेलचा प्लस प्लसच्या टोकाला आणि मायनस मायनसच्या टोकाला क्षणभर टेकवा. सगळे शंकू एकाच वेळी किंचित बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर आत गेलेल्या सबच्या वायर उलट्या आहेत. असे दोन सब एकमेकांचा बेस खातात, गाडी हादरत नाही आणि माणूस उगाच गेन वाढवत बसतो. एखाद्या ड्युअल सबचा शंकू जागचा हललाच नाही, तर त्याच्या दोन कॉइल एकमेकींविरुद्ध ओढत आहेत. असाच वाजवला तर आवाज येणार नाही, पण कॉइल तापून जळेल. सेल लावून धरू नका, टेकवा आणि लगेच काढा.

९. पॉवर, फ्यूज, ग्राउंड

या कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

करंटचा अंदाज असा काढा: आरएमएस वॅट भागिले ०.८, आणि आलेल्या उत्तराला १३.८ ने भागा. ६०० वॅटला साधारण ५४ अँपिअर, १००० वॅटला ९० च्या आसपास. पहिल्यासाठी ४ गेजची तांब्याची वायर ठीक. दुसऱ्यासाठी, बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प डिकीत असेल तर, १/० गेज घ्या (ही ४ गेजहून बरीच जाड असते).

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी आहे. अपघातात किंवा घर्षणाने वायर सोलवटून बॉडीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा प्रत्येक सेंटीमीटर आग लावू शकतो. वायर जितका करंट पेलते त्यापेक्षा मोठा फ्यूज कधीही टाकू नका. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावाच.

ग्राउंडची वायर पॉवरइतकीच जाड आणि जमेल तेवढी आखूड ठेवा. बॉडीवर जागा निवडून रंग पूर्ण खरवडा, चकचकीत पत्रा दिसू द्या, लग नट-बोल्टने घट्ट आवळा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. अ‍ॅम्पचा स्पीकर मायनस बॉडीला कधीही जोडू नका.

सिग्नलची आरसीए वायर पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर शिटी ऐकू येते.

१०. गेन लावणं

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओतून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे अ‍ॅम्पला सांगणारी ती जुळणी आहे. गेन पूर्ण फिरवला म्हणून अ‍ॅम्प जास्त वॅट देत नाही. तो तेच वॅट लवकर गाठतो आणि त्यापुढे सिग्नलची टोकं कापायला लागतो. या कापलेल्या सिग्नलमुळे सरासरी शक्ती वाढते आणि कॉइल जळतात.

मीटरने गेन असा लावा:

- सबच्या वायर अ‍ॅम्पवरून काढून ठेवा.
- बेस बूस्ट बंद, स्टिरिओमधला इक्वलायझर सपाट, गेन शून्यावर.
- ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा टेस्ट टोन लावा. स्टिरिओचा आवाज कमाल पातळीच्या तीन चतुर्थांशावर न्या.
- मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा.
- हवे असलेले वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा.

६०० वॅट, २ ओहम: १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. १००० वॅट, १ ओहम: ३१.६ व्होल्ट. ३५० वॅट, ४ ओहम: ३७.४ व्होल्ट. इथे ओहम लेबलच्या हिशेबातलाच घ्या, मीटरवर मोजलेला डीसी रोध नको. सबचे आरएमएस अ‍ॅम्पपेक्षा कमी असतील तर सबच्या वॅटवर हिशेब करा.

त्यानंतर लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालचे स्वर सबकडे जाऊ देणारी गाळणी, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. बॉक्सला पोर्ट (हवेसाठी ठेवलेली नळी) असेल तर अगदी खालचे स्वर कापणारा सबसॉनिक फिल्टर पोर्टच्या ट्यूनिंगपेक्षा, म्हणजे पोर्ट ज्या स्वरावर घुमतो त्यापेक्षा, थोडा खाली लावा, कारण ट्यूनिंगच्या खालच्या स्वरांना शंकूला आवरणारं काही उरत नाही. सीलबंद बॉक्सला त्याची तितकी गरज नसते.

११. पहिला अर्धा तास

इंजिन चालू ठेवून मध्यम आवाजात वीस-तीस मिनिटं वाजवा. मग अ‍ॅम्पच्या अंगाला, पॉवर टर्मिनलला, फ्यूजच्या घराला आणि ग्राउंडच्या बोल्टला हात लावून बघा. अ‍ॅम्प कोमट ते गरम होणं ठीक. पण एखादा सांधा अ‍ॅम्पपेक्षा जास्त तापला असेल तर तो सैल आहे किंवा क्रिम्प नीट बसलेलं नाही.

अ‍ॅम्पचा प्रोटेक्टचा दिवा लागला तर लगेच बंद करा आणि स्पीकरच्या वायर काढून पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष सबच्या बाजूला आहे, पायरी ८ परत करा. दिवा तसाच राहिला तर दोष पॉवर, ग्राउंड, आरसीए किंवा अ‍ॅम्पच्या आत आहे. मोठ्या आवाजातच अ‍ॅम्प बंद पडत असेल तर बेस पडताना अ‍ॅम्पच्या पॉवर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ते १२ च्या खाली घसरत असतील तर वायर, ग्राउंड किंवा बॅटरी कमी पडते आहे. जळका, गोडसर वास आला तर काहीही न तपासता आवाज बंद करा. कॉइलचा गोंद तापला की असाच वास येतो.

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. धाग्यांची वायर दाबाखाली हळूहळू बसते आणि सांधा ढिला होतो.

शेवटी चिकटपट्टीवर कॉइलचा प्रकार, जोडणीची रीत, शेवटचा ओहम, मीटरवर आलेला आकडा आणि तारीख लिहून ती पट्टी बॉक्सच्या टर्मिनलशेजारी चिकटवा. पुढे अ‍ॅम्प बदलायची वेळ आली की सब बाहेर न काढता हिशेब सुरू करता येतो, आणि मीटर तेव्हा वेगळा आकडा दाखवू लागला तर कॉइलमध्ये काहीतरी बिघडलं आहे हे लगेच कळतं.